आधी आंबट, मग गोड

गोड वाइनविषयी दोन मते नेहमी कानावर येतात आणि दोन्ही मला सारखीच अपुरी वाटतात. पहिल्या मताप्रमाणे ती नवशिक्यांची, सरबताकडून वाइनकडे येणाऱ्यांची पायरी असते. दुसऱ्या मताप्रमाणे ती जेवणानंतर इवल्याशा पेल्यातून, डोळे मिटून घ्यायची, मोजक्या रसिकांसाठी राखलेली चीज असते. इटलीत तर अशा वाइनला 'चिंतनाची वाइन' म्हणण्याचा प्रघात आहे. तो मला थोडा दांभिक वाटत आला आहे, कारण तिथल्या खेड्यांत हीच वाइन पाहुण्यापुढे कडक बिस्किटांबरोबर ठेवली जाते आणि ती पिताना कोणी चिंतन वगैरे करत नाही, गावातल्या भानगडी बोलल्या जातात. दोन्ही मतांचा रोख साखरेवर आहे. इटलीच्या पांढऱ्या आणि गोड वाइन चाखत गेल्यावर माझी धारणा मात्र अशी झाली, की गोड वाइनची प्रत तिच्या आंबटपणावरून ठरते आणि त्यामागोमाग येणाऱ्या किंचित कडवटपणावरून ठरते. म्हणून गोड वाइन एकटी चाखू नये. त्याच द्राक्षाची, जमल्यास त्याच टेकडीवरची ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली पांढरी वाइन आधी चाखावी. असे करण्यासाठी इटलीइतका सोयीचा देश नाही, कारण तिथे अनेक ठिकाणी एकच शेतकरी एकाच द्राक्षापासून दोन्ही बनवतो.

सोआवेचेच उदाहरण घेतो, कारण मला ते सर्वांत जवळचे आहे. व्हेरोना शहरातून पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटर गेले की हे तटबंदीचे छोटे गाव लागते. टेकडीच्या माथ्यावर स्कालिजेरी घराण्याचा मध्ययुगीन किल्ला आहे, तिथून तटाच्या भिंती गावाला कवेत घेत खाली उतरतात, आणि भिंतींच्या बाहेर लगेच द्राक्षबागा सुरू होतात. इथले मुख्य द्राक्ष गार्गानेगा. ते उशिरा पिकते, त्याची साल जाड असते आणि घड लांब व मोकळा असतो. या तीन गोष्टी पुढे फार कामाच्या ठरतात. वेली पूर्वापार पेर्गोलावर चढवलेल्या असतात. नाशिक-सांगलीकडच्या बागांतला मांडव ज्याने पाहिला आहे त्याला पेर्गोला वेगळा समजावून सांगावा लागत नाही: वर पानांचे छत, खाली सावलीत लोंबणारे घड.

सोआवेच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर चुनखडी अधिक आहे आणि पूर्वेकडे जुन्या ज्वालामुखींचा काळा बेसाल्ट. वाइनवर लिहिणारे या बेसाल्टबद्दल भारावून लिहितात. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या माणसाला काळ्या पाषाणाचे तेवढे अप्रूप नसते, आणि मुळे दगडाची चव शोषून ती द्राक्षात नेऊन ठेवतात या कल्पनेवर माझा विश्वासही नाही. मात्र उताराची, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि सपाटीवरची सुपीक गाळाची जमीन यांतला फरक पेल्यात स्पष्ट कळतो. सोआवेची बदनामी याच फरकातून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः साठ आणि सत्तरच्या दशकांत, अमेरिकेत या वाइनची मागणी प्रचंड वाढली. १९६८ मध्ये तिला कायद्याने संरक्षित नाव मिळाले तेव्हा टेकड्यांबरोबर खालची सपाट जमीनही त्या नावाखाली आली, एकरी उत्पादन वाढत गेले आणि सोआवे म्हणजे पाणचट, स्वस्त, थंडगार काहीतरी अशी समजूत जगभर रुजली. काही घराण्यांनी मात्र टेकडी सोडली नाही. पिएरोपान घराण्याने काल्व्हारीनो या बेसाल्टच्या बागेचे नाव लेबलवर लिहून १९७१ च्या हंगामाची सोआवे वेगळी बाटलीत भरली. एकाच बागेची वाइन वेगळी ठेवणे ही सोआवेत तेव्हा नवी गोष्ट होती.

अशी टेकडीवरची सोआवे प्रथम नाकाजवळ नेली तर फारसे काही हाती लागत नाही. कॅमोमाइलची फुले, लिंबाची साल, कच्च्या बदामाचा पुसटसा वास, एवढेच. ती वासाने खेचून घेणारी वाइन नव्हे. तोंडात घेतल्यावर आधी आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो, मग मधल्या भागात अनपेक्षित भरीवपणा येतो, आणि गिळून झाल्यावर कडू बदामाची एक रेघ मागे उरते. ही शेवटची रेघ इटलीच्या पुष्कळ पांढऱ्या वाइनमध्ये सापडते. मार्के प्रांतातल्या व्हेर्दिक्कियोत ती आहे, तोस्कानातल्या सान जिमिन्यानोच्या व्हेर्नाच्चात आहे, ईशान्येकडच्या फ्रिउलानोतही आहे. कारले आणि मेथी आवडीने खाणाऱ्या आपल्या माणसांना ती आवडायला वेळ लागत नाही. उलट, ज्यांना पिनो ग्रिजिओसारख्या, कोणालाच न दुखावणाऱ्या वाइनची सवय झाली आहे, त्यांना हा शेवट खटकतो. जाता जाता एक तक्रार नोंदवून ठेवतो: आपल्याकडे हॉटेलांतून पांढरी वाइन बर्फात गाडल्यासारखी थंड करून देतात. इतक्या थंडीत आंबटपणा टोचतो, वास बंद होतो आणि चांगली व सुमार वाइन एका रांगेत येऊन बसतात. दहा-बारा अंश सेल्सियसला ती मोकळी होते. वाढल्यावर दहा मिनिटे थांबले तरी पुरते.

आता याच गार्गानेगाची गोड बाजू. रेचोतो दी सोआवे बनवण्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडक, निरोगी, मोकळे घड हाताने तोडतात आणि हवा खेळणाऱ्या माळ्यावर नेतात. तिथे ते बांबूच्या किंवा लाकडी चौकटींवर पसरून ठेवतात, काही ठिकाणी अजूनही दोऱ्यांना बांधून छतापासून लोंबवतात. चार ते पाच महिने ते तसेच राहतात. पाणी हळूहळू उडून जाते, घडाचे वजन चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक घटते, आणि साखर व आम्ल दोन्ही दाट होतात. हिवाळ्याच्या शेवटी सुरकुतलेले मणी दाबले की थोडासा, दाट रस निघतो. त्यातली साखर इतकी असते की यीस्ट ती संपवू शकत नाही. आंबण्याची क्रिया मध्येच थकून थांबते आणि लिटरमागे १०० ग्रॅमच्या पुढे साखर सहज उरते. बाहेरून काहीही घातलेले नसते. ही रीत किती जुनी आहे याचा लेखी पुरावा आहे. सहाव्या शतकात इटलीवर सत्ता असलेल्या ऑस्ट्रोगॉथ राजवटीचा वरिष्ठ अधिकारी कॅसिओडोरस याने राजाच्या भोजनासाठी व्हेरोना परिसरातली वाइन मागवताना लिहिलेल्या पत्रात घड टांगून ठेवून हिवाळ्यात दाबण्याचे वर्णन केले आहे. कायद्याने सर्वोच्च दर्जा मिळालेली व्हेनेतो प्रांतातली पहिली वाइन म्हणजे हीच रेचोतो दी सोआवे. तो दर्जा तिला १९९८ मध्ये मिळाला.

माझे आजोळ तासगावच्या बाजूचे, त्यामुळे वाळणारी द्राक्षे हे दृश्य मला नवीन नव्हते. माळ्याची छायाचित्रे मामांना दाखवली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ मोठी करकरून पाहिली आणि विचारले, "किती दिवस ठेवतात रे?" चार-पाच महिने म्हटल्यावर ते हसले. "आपली पंधरा दिवसांत निघतात. एवढे दिवस ठेवली तर काळी पडतील, बुरशी धरेल. घेणार कोण?" मामांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. तासगावला सोनाका, माणिक चमन वगैरे द्राक्षे तोडली की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्याने मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो, पाणी झपाट्याने बाहेर पडते आणि शेडमधल्या जाळ्यांवर बेदाणा हिरवट-पिवळा, देखणा राहतो. बाजारात भाव त्या रंगाला आहे, तेव्हा घाई करणे शहाणपणाचेच. सोआवेच्या माळ्यावर मात्र मेणाचा थर मुद्दाम शाबूत ठेवतात, म्हणून पाणी महिनोन्‌महिने झिरपत राहते. या काळात मणी जिवंत असल्यासारखे बदलत राहतात; रंग तपकिरी होतो, वासात जर्दाळू, मध, सुक्या संत्र्याची साल असे काही नवीन शिरते. आणि मामांना जिची धास्ती वाटली ती बुरशीही काही घडांवर येते. ती बोट्रायटिस असली आणि हवा कोरडी राहिली तर शेतकरी खूश होतो, कारण ती सालीला सूक्ष्म छिद्रे पाडून आणखी पाणी बाहेर काढते आणि केशर-मधासारखा वास देते. हवा दमट झाली तर तीच बुरशी सगळा माळा नासवते. म्हणून धुक्याच्या दिवशी खिडक्या बंद, वाऱ्याच्या दिवशी उघड्या, अशी राखण हिवाळाभर चालते. अलीकडे पुष्कळ ठिकाणी पंखेही लावलेले दिसतात.

टेकडीवरची सोआवे आधी आणि तिच्यामागून रेचोतो, असे दोन पेले शेजारी ठेवले की माझा सगळा मुद्दा तिथेच कळतो. रंग फिकट गवती होता तो गडद सोन्यासारखा झालेला असतो, पोत दाट झालेला असतो, पण आतली मांडणी तीच राहते: कडांना लागणारा आंबटपणा, मधला भरीवपणा, शेवटी बदामाची कडवट रेघ. आंबटपणा इतक्या साखरेला खेचून धरतो, की घोट संपल्यावर तोंड चिकट न होता पाणी सुटते आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो. आमटीत गूळ घातला की आमसूलही हवेच, नाहीतर ती आमटी न राहता पाक होतो, हे आपल्या स्वयंपाकघराला कधीच कळलेले आहे. रेचोतोचा सगळा तोल त्याच समजुतीवर उभा आहे. वाईट गोड वाइनमध्ये हे आमसूल नसते. उष्ण प्रदेशात उशिरापर्यंत वेलीवर ठेवलेल्या द्राक्षांतले आम्ल झपाट्याने उतरते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतात, त्यामुळे नाशिकला उशिरा तोडलेल्या शेनँ ब्लाँची गोड वाइन करणाऱ्यांना ही लढाई दर वर्षी लढावी लागते. काही वर्षी ती ते चांगली लढतात, हे मान्य करायला हवे.

तोस्कानातली व्हिन सांतो माझ्या या सिद्धांताला थोडा छेद देते, म्हणून ती मला अधिकच रंजक वाटते. तिची मुख्य द्राक्षे त्रेब्बियानो आणि माल्वासिया. त्रेब्बियानोची साधी पांढरी वाइन आंबट असते, पण त्यापलीकडे तिच्यात सांगण्यासारखे फारसे काही नसते. तेच द्राक्ष चटयांवर किंवा आकड्यांना टांगून हिवाळाभर वाळवतात, मग त्याचा रस 'कारातेल्ली' म्हणजे लहान लाकडी पिंपांत भरून पिंपे बंद करतात, आणि ती थंड तळघरात न ठेवता थेट कौलांखालच्या माळ्यावर ठेवतात. वाइनला ऊन, थंडी, हवा यांपासून जपावे हा सर्वमान्य नियम. इथे तो जाणूनबुजून मोडलेला आहे. हिवाळ्यात माळा गारठतो आणि आंबणे थांबते, उन्हाळ्यात तापतो आणि ते पुन्हा सुरू होते. असे काही वर्षे चालते. पिंप पूर्ण भरलेले नसते, त्यामुळे आतली हवा वाइनला हळूहळू तांबूस-तपकिरी करते आणि अक्रोड, जळकी साखर, सुके अंजीर असे वास येतात. पिंपाच्या तळाशी आधीच्या वाइनचा गाळ मुद्दाम ठेवतात, त्याला 'माद्रे' म्हणजे आई म्हणतात. नवा रस तिच्यावर ओतला जातो. दरम्यान कोणी झाकण उघडून चव पाहत नाही. त्यामुळे शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पिंपांतून एक अप्रतिम आणि दुसरे चक्क बिघडलेले निघू शकते, आणि एकाच घरची व्हिन सांतो एखाद्या वर्षी गोडमिट्ट, एखाद्या वर्षी जवळजवळ ड्राय असू शकते.

व्हिन सांतोबरोबर कान्तुच्ची खाण्याची प्रथा सर्वश्रुत आहे. प्रातो शहरातल्या आंतोनियो मात्तेई यांच्या १८५८ पासूनच्या दुकानाने ही दोनदा भाजलेली बदामाची कडक बिस्किटे प्रसिद्ध केली, आणि निळ्या कागदाची ती पुडी आजही ओळखू येते. बिस्किट वाइनमध्ये बुडवून खातात. माझे मत असे की स्वस्त व्हिन सांतोत ते खुशाल बुडवावे, पण ज्या पिंपाने इतके उन्हाळे माळ्यावर काढले आहेत त्यातल्या वाइनमध्ये लोणी नसलेल्या पिठाचा चुरा तरंगत ठेवणे मला बघवत नाही. एका तोस्कानी वृद्धेला हे सांगितले तेव्हा तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि आपले बिस्किट निवांत बुडवले. तिचे घर, तिची वाइन. तिथे माझ्या मताला किंमत नव्हती आणि असू नयेही.

पिएमोन्तेची मोस्कातो द'आस्ती ही याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. तिच्यात वाळवण नाही, पिंप नाही, वाट पाहणे नाही. कानेल्ली गावाभोवतीच्या टेकड्यांवरच्या मोस्कातो बियांकोचा रस बंद टाकीत आंबवायला लावतात आणि मद्यांश पाच टक्क्यांच्या आसपास पोचला की टाकी एकदम थंड करून यीस्ट झोपवतात, मग गाळून काढतात. द्राक्षाची निम्म्याहून अधिक साखर तशीच राहते, जोडीला हलका फसफसाट. पीच, संत्र्याची फुले, सेज या वनस्पतीची पाने, असे त्यात काय काय जाणवते. पण मुख्य म्हणजे ताज्या द्राक्षाचा वास येतो, आणि वाइनला द्राक्षाचाच वास येणे ही तशी दुर्मीळ गोष्ट आहे. ती तरुणपणीच, वर्षभरात संपवावी. जाणकार मंडळी तिला खेळणे समजतात. मला तसे वाटत नाही: इतक्या कमी मद्यांशात इतकी साखर आंबटपणाच्या आधाराने हलकी ठेवणे हे रेचोतोइतकेच अवघड काम आहे, फक्त ते थंड पोलादी टाकीत होते म्हणून त्याला काव्य चिकटत नाही.

ईशान्येकडच्या फ्रिउलीतल्या पिकोलित या गोड वाइनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती इतकी कमी मिळते की तिच्यावर ठाम मत बनवण्याची संधीच क्वचित लाभते. या वेलीच्या फुलांत फलधारणा नीट होत नाही, त्यामुळे घडावर मोजकेच मणी धरतात आणि वेलीची सगळी ताकद त्यांच्या वाट्याला येते. अठराव्या शतकात काउंट फाबियो आस्क्विनी ही वाइन मुरानोच्या काचेच्या छोट्या बाटल्यांतून युरोपच्या दरबारांत पाठवत असे. मी चाखलेली पिकोलित नाजूक होती, पण तिची किंमत चवीपेक्षा या दुर्मीळपणाची अधिक वाटली. त्याच पैशांत तिथल्याच व्हेर्दुझ्झो द्राक्षाची रामांदोलो घ्यावी. सालीतल्या तुरटपणामुळे ती गोड असूनही जेवणात उभी राहते.

शेवटी पान्तेल्लेरिया. सिसिली आणि ट्युनिशिया यांच्या मध्ये, आफ्रिकेला अधिक जवळ असलेले हे काळ्या ज्वालामुखी खडकाचे बेट आहे, आणि तिथल्या वाऱ्याला विसावा माहीत नाही. वेल उंच वाढवली तर टिकणार नाही, म्हणून प्रत्येक वेल जमिनीत केलेल्या खळग्यात, गुडघ्याखाली राहील अशी, झुडपासारखी छाटून वाढवतात. खळगा वाऱ्यापासून आडोसा देतो आणि दव धरून ठेवतो. सगळे काम हाताने आणि वाकून करायचे. ही लागवडीची पद्धत युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. द्राक्ष झिबिब्बो, म्हणजे अलेक्झांड्रियाचे मस्कत. ऑगस्टमध्ये तोडलेला पहिला माल उन्हात पसरून वाळवतात; सप्टेंबरमध्ये तोडलेल्या ताज्या द्राक्षांचा रस आंबू लागला की त्यात हे वाळलेले मणी देठ काढून थोडे थोडे घालत राहतात. ताजेपणा आणि वाळलेपणा दोन्ही एकाच वाइनमध्ये येतात ते यामुळे. उन्हाने रापलेली, जर्दाळू-खजुराची, जाड गोडी अपेक्षित असते, आणि ती असतेच. पण चांगल्या पासितोत, म्हणजे अशा वाळवलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनमध्ये, तिच्याखाली समुद्राकाठच्या हवेसारखा खारटपणा आणि बऱ्यापैकी आंबटपणा असतो. तो नसला तर दुसरा घोट नकोसा होतो. त्याच झिबिब्बोची ड्राय वाइनही बेटावर करतात. ती आधी चाखली की हा खारट-आंबट पाया ओळखता येतो.

आता या वाइन आपल्या ताटाशेजारी कशा बसतात? आपण गोड पदार्थ जेवणाबरोबर खातो, इटालियन माणूस शेवटी खातो; हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. श्रीखंडाबरोबर रेचोतो घेऊन पाहिली तर वाइन बिचारी पातळ आणि नुसती आंबट लागते, कारण पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइनची साखर जिभेला कळेनाशी होते आणि उरलेलेच तेवढे पुढे येते. पुरणपोळीपुढेही तिचे तेच झाले. या वाइनला गोडाची सोबत लागत नाही, खाऱ्याची लागते: रेचोतोला गोर्गोंझोलासारखे निळ्या बुरशीचे चीज, व्हिन सांतोला खारवलेले काजू किंवा भाजलेले बदाम, पान्तेल्लेरियाच्या पासितोला जुने, कडक झालेले मेंढीच्या दुधाचे चीज. मोस्कातो द'आस्ती मात्र चांगली थंड करून तिखट कांदाभज्यांबरोबर किंवा लसणीच्या शेवेबरोबर घ्यावी. मद्यांश कमी असल्यामुळे ती तिखटाची आग भडकवत नाही, साखर ती आग खाली बसवते आणि फसफसाट तेल धुऊन काढतो. तिची उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी मलूल होते, तेव्हा चार माणसे असताना उघडावी. व्हिन सांतो बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे निमूट वाट पाहते.